दोघींचं एकच माप

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत थोरली बसते. चेन तुटलेले, शिवण उसवलेले, कंबरेत घट्ट झालेले कपडे काउंटरवरून पडद्यामागे तिच्या टेबलावर येऊन पडतात. ती घरातली थोरली सून, म्हणून थोरली. दुकानातही तेच नाव चिकटलं, कारण तिची धाकटी जाऊ शाळेच्या ऑफिसातून सुटली की "आमची थोरली आहे का आत?" असं विचारतच दुकानात शिरते, आणि दोघी मिळून घरी जातात.

घर एक, स्वयंपाकघर एक, कपाटही एकच. दोघींचं माप इतकं सारखं की थोरली एकाच मापाने दोघींचे कपडे बेतायची. चांगला कोट एकच होता. सकाळी जी आधी आवरेल ती तो घालून जाई. भांडण झालंच तर त्या कोटावरून. पुढे दोघी अंगाने सुटल्या, त्याही बरोबरीनेच. थोरली दोघींच्या कडा उसवून कापड सोडत राहिली.

मग थोरलीचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी तिला तपासलं, पित्ताशयाचा त्रास, मुतखडा, थायरॉइड, दुसरी कुठली औषधं असं सगळं विचारलं आणि वजन उतरवायला चरबी अडवणारी कॅप्सूल लिहून दिली. जेवणातली काही चरबी अंगी न लागता तशीच बाहेर पडते, असं समजावलं. जाताना बजावलं, की हे औषध तुमच्यासाठी आहे, घरात दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

थोरली काटेकोर बाई. मुख्य जेवणासोबत कॅप्सूल. जेवण चुकलं किंवा ताटात तेलकट काहीच नसलं तर कॅप्सूलही नाही. जीवनसत्त्वांची गोळी वेगळी, झोपताना. एकदाच चुकली. दुकानातल्या एका बाईच्या निरोपाच्या जेवणाला तिने तळलेलं मनसोक्त खाल्लं, वर कॅप्सूलही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मशीन सोडून सारखी पळत राहिली. इस्त्रीवाला म्हणाला, की आज दोऱ्यापेक्षा थोरलीचीच धाव जास्त. त्यानंतर तिने तळणाकडे ढुंकून पाहिलं नाही.

वजन उतरू लागलं. कोट ढगळ झाला, तसा तिने तो आत घेतला आणि जास्तीचं कापड कापूनही टाकलं. एका सकाळी धाकटीने तो अंगात चढवला तर बटण काजाला भेटेना. ती हसली, पण कोट खुंटीला परत लावताना तिचा चेहरा उतरलेला थोरलीने पाहिला. आपण काहीतरी हिरावून घेतलं असं तिला वाटलं.

"कोट नेलात तो नेलात," धाकटी म्हणाली, "आता ते औषध तरी द्या, ताई."

धाकटीच्या हृदयाची एक झडप बदललेली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी ती कित्येक वर्षं घेत होती आणि ठरल्या वेळी रक्त तपासून घेत होती. थोरलीला हे ठाऊक होतं. डॉक्टरांचं बजावणंही आठवत होतं. पण ती गोळी हृदयाची, ही पोटाची; दोन्हींची गाठ पडणार कुठे, असं तिने मनाशी म्हटलं. शिवाय जे आपल्याला बसतं ते हिला बसतंच, ही इतक्या वर्षांची सवय. तिने स्वतःच्या डब्यातली कॅप्सूलची एक पट्टी काढून दिली, ती संपल्यावर दुसरी, आणि घरात बोलू नकोस, असंही सांगितलं.

काही आठवड्यांनी धाकटीच्या बाहीला टाचण्या लावताना तिला दंडावर निळे-जांभळे डाग दिसले. धाकटी म्हणाली, कपाटाचं दार लागलं. दार लागून इतके डाग पडत नाहीत, हे थोरलीला कळत होतं. तोंडात टाचण्या होत्या, न विचारायला एवढं निमित्त तिला पुरलं. तिने पुढची टाचणी लावली.

त्याच आठवड्यात शाळेत धाकटीच्या नाकातून रक्त येऊ लागलं आणि थांबेना. थोरली दवाखान्यात पोचली तेव्हा दीर, धाकटीचा नवरा, आधीच आला होता. रक्त थांबलं होतं, तपासणीचा निकाल हातात होता. रक्त फारच पातळ झालं होतं. खाण्यात काही बदल, नवीन औषध, एखादी पुडी किंवा काढा, असं डॉक्टरांनी एकेक करून विचारलं. धाकटी प्रत्येकाला नाही म्हणाली. थोरलीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

थोरलीने वाटेतच ठरवलं होतं, की घरी जाऊन उरलेली पट्टी गुपचूप काढून घ्यायची. कुणाला कळायलाही नको. तेवढ्यात डॉक्टर दिराला म्हणाले, कारण सापडत नसेल तर रोजची गोळी कमी करू. मात्र ती गरजेपेक्षा कमी पडली तर झडपेवर गुठळी धरायची भीती, म्हणून लक्ष ठेवा. ते लिहू लागले.

थोरली त्या पेनाकडे बघत राहिली. आपण पट्टी काढून घेणार आणि इथे गोळीही कमी होणार, म्हणजे गुठळीलाच बोलावणं.

"थांबा," ती म्हणाली. "ती माझी कॅप्सूल घेते. चरबीची. मीच दिलीय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्त गोठायला एक जीवनसत्त्व लागतं, ते चरबीबरोबरच अंगात येतं, आणि ही कॅप्सूल चरबीबरोबर त्यालाही बाहेर वाट दाखवू शकते, असं त्यांनी सांगितलं. रक्ताच्या गोळीवर असलेल्याने ती परस्पर घ्यायची नाही. घ्यायचीच तर आधी विचारून आणि रक्त वरचेवर तपासून. त्यांनी कॅप्सूल बंद केली, रोजची गोळी थोडी थांबवून मग पूर्वीइतकीच घ्यायला सांगितली आणि लवकर परत तपासणीला बोलावलं.

"बरं झालं वेळेवर बोललात," ते थोरलीला म्हणाले.

त्या शाबासकीने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वेळेवर कसलं," ती म्हणाली. "डाग मी आधीच पाहिले होते."

बाहेर आल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "मी तुमचं नाव येऊ देणार नव्हते, ताई."

"म्हणून तर बोलले."

पुढच्या तपासणीत रक्त पहिल्यासारखं आलं. धाकटी पूर्वीसारखीच दुकानात डोकावते. वजनासाठी तिच्या डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलंय, म्हणून दोघी आता लांबच्या रस्त्याने घरी जातात. दीर मात्र कित्येक दिवस जेवताना मान खाली घालून असायचा. एकदा ताट पुढे ओढता ओढता त्याने विचारलं, "वहिनी, अजून काही आहे का आम्हाला माहीत नसलेलं?"

"नाही, भाऊजी," थोरली म्हणाली.

त्याने मान हलवली आणि जेवायला लागला. त्याला ते खरं वाटलं की नाही, हे तिला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला उरलाय असं तिला वाटत नाही.