आमच्या गाडीचा नफा

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. लोकांचे हाल झाले, पण खरं सांगायचं तर ट्रकवाल्यांचं बरं चाललं होतं. नव्या जिल्ह्याला टेबलं, कपाटं लागत होती आणि दुष्काळाला ज्वारी, कडबा. दोन्हीला ट्रकच लागायचा. नांदेडात आमचा एक ट्रक होता. मालकही माझा नवरा, ड्रायव्हरही माझा नवरा. तरी घरात साखर संपली की शेजारी वाटी घेऊन मीच जायची.

मी बी.कॉम. झालेली. लग्नात ह्याचं लई कौतुक झालं, पण नंतर कुणी मला हिशोब म्हणून विचारला नाही. नवऱ्याची पद्धत सोपी होती. खेप करून आला की खिशातलं सगळं रेडिओखाली ठेवायचा आणि म्हणायचा, हा नफा. टायर फुटला की तोच नफा टायरवाल्याकडं जायचा आणि त्याला तो नशीब म्हणायचा. विमा, टॅक्स, इंजिनचं काम, सगळं नशिबाच्या खात्यावर! एकदा मी म्हटलं, तुम्ही गाडी चालवता त्याचा पगार तरी खर्चात धरा. तो पोट धरून हसला. "मी मलाच पगार देऊ व्हय?" म्हणाला.

आणि येतानाची खेप तर विचारूच नका. भाडं मिळायचं ते लातूरला जायचं. परत येताना गाडी रिकामी, आणि ही बातमी आमच्या भावकीत सगळ्यांना पाठ. "गाडी रिकामीच येती की," असं म्हणून नणंदेचं कपाट आलं, चुलत दिराच्या लग्नाची भांडी आली, कुणाच्या तरी सासूची खाट आली, खाटेवर बसून सासूही आली. सगळं फुकट. डिझेल जसं काही भरलेल्या गाडीलाच लागतं! मुखेड तर वाटेवर नव्हतंसुद्धा, पण तिथं माझं माहेर. वडिलांच्या बैलांसाठी कडबा तेवढी वाकडी वाट करून जायचा. तेव्हा मात्र मी गप्प बसायची. हिशोब शिकलेल्या बाईलाही माहेर असतं.

अशात लातूरच्या एका नव्या कचेरीत जीपवर ड्रायव्हरची जागा निघाली. नवऱ्यानं अर्ज टाकला आणि ऑर्डर आलीसुद्धा. पगार, पेन्शन, रविवारची सुट्टी. पेढे वाटताना त्यानं सांगून टाकलं, आता गाडी विकायची. मला तर सुटल्यासारखं वाटलं. पण माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, पेढा तसाच हातात धरून ठेवला.

आबा जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. दुसऱ्यांच्या गाड्या भरून जे साठलं त्यातून त्यांनी पोराच्या नावावर ही गाडी घेतली होती, तीही जुनीच. गाडी दारात असली की संध्याकाळी ते केबिनमध्ये चढून बसायचे. जायचं कुठंच नसायचं. नुसते बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वरून जयभीम घालायचे. त्या दिवशीचं त्यांचं तोंड मला बघवेना. मग मीच तोडगा काढला. तीन महिने पगारी ड्रायव्हर ठेवू, हिशोब मी बघीन. सगळा खर्च धरून नफा उरला तर गाडी राहील, न्हाई तर विकू. नवरा लगेच हाव म्हणाला. नफा उरणार नाही ह्याची त्याला पक्की खात्री होती.

ड्रायव्हर उदगीरकडचा मिळाला. माणूस फटकळ. पहिल्याच आठवड्यात नणंद त्याला "रिकामीच येती की" ऐकवायला गेली, तर तो म्हणाला, येऊ द्या की रिकामी, तिलाबी जरा आराम. मग भावकीला एसटी सापडली. हा पठ्ठ्या लातूरहून येताना व्यापाऱ्यांची डाळ भरून आणू लागला. मुखेडच्या कडब्यालाही त्यानं भाडं लावलं. वडिलांनी ते मुकाट्यानं दिलं आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. थोडक्यात, मालक खाली उतरला आणि गाडी सुधारली. नवरा दर रविवारी लातूरहून यायचा, नफा विचारायचा आणि आकडा ऐकून तोंड वाकडं करायचा. मला त्याची लई मजा वाटायची. आबांचा खांदा तेवढा त्या दिवसांत दुखायचा. तेल गरम करून मागायचे. मी म्हणायची, वय झालं.

तिसरा महिना संपत आला. नफा थोडा होता, पण खरा होता. मी ऐटीत खर्चावरून शेवटचा हात फिरवत होते, तेव्हा ध्यानात आलं की माल चढवण्या-उतरवण्याची हमाली लातूरचीच आहे, नांदेडची कुठंच नाही. ड्रायव्हरला विचारलं. एरवी तडातड बोलणारा माणूस खाली बघायला लागला. मोंढ्यात जाऊन बघा ताई, एवढंच म्हणाला.

दुपारचं ऊन होतं. आमची गाडी दुकानासमोर लागली होती आणि आबा पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन फळीवरून वर चढत होते. डोक्याला टॉवेल. पाय लटपटत होते. आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. ते उतरेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

"आबा, तुमची हमाली धरली तर नफा राहत न्हाई," मी म्हटलं.

"मग धरू नको."

"असं कसं? हिशोब हाय तो."

त्यांनी टॉवेल सोडून तोंड पुसलं. "जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या भरल्या बाई, तवा पोत्यापोत्याची हमाली मोजून घेतली. ही माझी हाय. मी मलाच हमाली देऊ व्हय?"

नवऱ्याला मी ह्याच वाक्यावरून किती टोमणे मारले होते!

रविवारी नवरा आला. चहा घेता घेता त्यानं विचारलं, सगळा खर्च धरलास ना? नफा राहिला का? आबा दारात बसले होते, माझ्याकडं बघत नव्हते.

राहिला, मी म्हटलं, आणि तेल गरम करायला उठले.