रेकॉर्डवर नसलेली लाइन

फौजेत हवालदार म्हणून माझी शेवटची दोन वर्षं राजस्थानातल्या एका मोठ्या खाऱ्या सरोवराच्या काठी गेली. ओढे मोकळे करणं, झाडं लावणं आणि गस्त, हे आमच्या कंपनीचं काम. इथे वर्धेत सांगितलं की लोक हसतात. फौज पक्षी राखते काय? राखते.

सरोवर मरत होतं. वरच्या नद्या बंधाऱ्यांनी अडवल्या होत्या. उरलेल्या तळात काही व्यापारी बेकायदा बोअर मारून मिठासाठी खारं पाणी उपसत. त्या पंपांच्या केबली उघड्या चिखलात पडलेल्या. आम्ही सकाळी कापायचो, संध्याकाळी पुन्हा जोडलेल्या असायच्या. मी तीनदा पंपवाल्यांच्या नावांसह लेखी रिपोर्ट दिला. उत्तर आलं, विषय सिव्हिलचा आहे, फौजेचा नाही.

त्या हिवाळ्यात पक्षी रोगाने मरू लागले. पंख लुळे पडत, मग मान पाण्यात जाई. मेलेले पुरायचे, जिवंत असतील ते छावणीत आणायचे, असा हुकूम होता. माझ्या सेक्शनमध्ये आर्वीचा नायक सुधाकर ढोके होता. एका सकाळी ०६४० वाजता त्याला आत पाण्यात एक रोहित पक्षी धडपडताना दिसला.

मी म्हटलं, "थांब. पह्यले केबल पाहू दे."

"तवरिक मरन ना थो. मान बुडून राह्यली त्याची."

तो गेला. पक्षी उचलला आणि उभ्याचा आडवा झाला. मागे धावलेल्या दोघांना मी कॉलर धरून ओढलं. पाण्यात करंट होता.

रेडिओवर सांगितलं, "मॅन डाउन. पाण्यात वीज आहे. लाइन बंद करा."

"कोणती लाइन? रेकॉर्डवर तिथे लाइनच नाही. ओव्हर."

काठाकाठाने पळत केबल शोधली, लाकडी दांड्याच्या कुऱ्हाडीने तोडली. ०६५८ झाले होते. सुधाकर गेला होता.

आठ दिवसांत तोच पंप पुन्हा चालू झाला. कोणालाही अटक नाही. कागदावर लिहिलं, अपघात.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याला घेऊन आर्वीला आलो होतो. त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "भाऊजी, त्यायले कोनं मारलं?"

मला नावं माहीत होती. तीनदा लिहून दिली होती. मी तिला ती सगळी सांगितली.

पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर सुधाकरचं नाव घ्यायला नकार मिळाला. शत्रूच्या हातून मेला नाही म्हणे. मी दरवर्षी अर्ज करतो. 'शत्रू' या रकान्यात तीच नावं लिहितो.