वजनाआधीचा भात

नव्वदच्या दशकात घोडेगावच्या मैदानावर विद्यापीठाच्या कुस्ती स्पर्धा झाल्या, तेव्हा भोजनव्यवस्था माझ्याकडे होती. भात वाढणारी लोणी गावची एक बाई प्रत्येक मल्लाला विचारी, "वजन झालं का, भाऊ?" आणि काहींना जेमतेम पळीभर वाढी. उरलेला भात ती घरी नेणार, असा मला संशय आला. काही न विचारता, "भात घरी न्यायचा नाही," असे सुनावून मी तिला ताटे घासायला बसवले. तिच्या जागी उभा केलेला माणूस सगळ्यांना सारखाच भरपूर भात वाढू लागला.

दुपारी ताटांतल्या टाकलेल्या भाताने भरलेली बादली तिने माझ्यासमोर ठेवली.

"वजन व्हायच्या आधी पैलवान घास घेत न्हाईत, सर. पंगतीला नुसतं बसत्यात. आता बघा माझी चोरी."

क्षमा मागण्यासाठी मी तोंड उघडले. पण भोवती माणसे होती, म्हणून "बादली लांब नेऊन ओता," एवढेच म्हणालो.