लोकसभेत दगावलेलं बाळ

खासदारबाईंच्या कोल्हापूरच्या संपर्क कार्यालयात मी मसुदे लिहिते. त्याआधी बरीच वर्षं एका वकिलांकडे टायपिंग केलं. बाई मूळच्या जनावरांच्या डॉक्टर. गोठ्यागोठ्यांतून फिरून त्यांनी माणसं जोडली आणि पहिल्याच खेपेला निवडून आल्या, पण बसल्या विरोधी बाकावर. विरोधी खासदाराच्या शब्दाने बदली होत नाही की रस्ता होत नाही. त्याला उठून बोलता येतं, तेवढंच. तेही शून्य प्रहरात, नंबर लागला तर, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत काय बसवायचं हे ठरवणं माझं काम. मला त्याचा अभिमान होता. आता तो शब्द लिहायला संकोच वाटतो.

गारगोटीच्या पुढे, डोंगराच्या पोटातल्या एका वाडीतून तिथल्या आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, आमच्याकडे अर्ज घेऊन आल्या होत्या. वाडीत सरकारी योजनेतून मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता, पण तो सुरूच झाला नव्हता. कागदोपत्री मात्र चालू होता. फोन लावायचा तर वाडीच्या वर अर्धा तास चढून खडकाळ सड्यावर जावं लागे. अॅम्ब्युलन्स बोलवायची तरी आधी तो चढ.

बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "टॉवर बंद आहे, एवढ्यावर दिल्लीत कुणी मान वर करत नाही. त्यापायी कुणाचं काय झालं, ते शोध."

बाई अधिवेशनाला गेल्या आणि मी आशाताईंना निरोप धाडला. एका दुपारी त्यांचा सड्यावरून फोन आला. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, आणि मधूनमधून शब्द.

"म्याडम, आठ दिस झालं बघा... कळा सुरू झाल्या... मी वर पळाले, गाडी लागंना... शेवटाला जीपमधी घातलं, घाटाच्या वळणावरच... बाळ रडलं न्हाय... निळं पडल्यालं... वाचलं न्हाय..."

मग एक अर्धवट शब्द, आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

मी तशीच लिहायला बसले. वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्यात एक उत्साहही होता. हवं होतं ते मिळालं होतं. 'माननीय अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या एका वाडीत, टॉवर उभा असूनही तो बंद असल्याने, एका मातेचं बाळ रस्त्यातच दगावलं.' हे पहिलं वाक्य एका दमात आलं.

संध्याकाळी दिल्लीहून बाईंचा फोन आला. "वाचला मसुदा. खातरजमा केलीस?"

"हो," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. आशाताईंच्या तोंडून ऐकलंय, म्हणजे खातरजमाच की, असं मी मनाशी म्हटलं. पण घरी कणीक मळताना तो अर्धवट शब्द कानात यायला लागला. 'वाचलं न्हाय' नंतर काहीतरी होतं. 'अस' की 'असं'? वाचलं न्हाय, असं काय? असं झालं? असं वाटलं? मी पीठ तसंच ठेवलं, हात न धुताच फोन उचलला आणि लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दहा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "अगं, कुणाला लावतीयेस एवढं?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंचा नंबर लागला होता. पण सभागृहात गोंधळ झाला आणि कामकाज तहकूब झालं. गोंधळ घालणाऱ्यांत आमच्याच बाजूची माणसं पुढे होती. कार्यालयातले शिपाईमामा टीव्हीसमोर हळहळले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. आज नाही, म्हणजे मध्ये एक दिवस मिळाला.

तो पुढचा दिवस मी कसा घालवला? सकाळपासून फोन लावत राहिले. गारगोटीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराला सांगितलं, त्या वाडीचं कुणी बाजाराला आलं तर मला फोन करायला सांगा. कुणी आलं नाही. दुपारी मामांना काहीतरी कारण सांगून स्टँडवर गेले आणि गारगोटीच्या गाडीत बसलेसुद्धा. खिडकीची जागा होती. कंडक्टर खाली उभा राहून कुणाशी तरी तावातावाने बोलत होता. तेवढ्यात मामांचा फोन आला, की आजही सभागृह तहकूब. मी गाडीतून उतरले. बोलणंच लांबलं, मग आजच कशाला जायचं, असं काहीतरी. आणि त्याखाली दुसरं: तिथे जाऊन काही वेगळं कळलं, तर बाईंना सांगावं लागेल, की मी हो म्हणाले ते खोटं होतं.

असे चार दिवस गेले. रोज सकाळी वाटायचं आज सांगू. रोज सभागृह बंद पडायचं आणि मी गप्प राहायची. मसुद्यातलं एक वाक्य बदलायचं होतं फक्त. 'बाळाचा जीव धोक्यात आला' एवढं केलं असतं तरी चाललं असतं. मी फाईल उघडायची, त्या वाक्यावर यायची आणि बंद करायची. 'दगावलं' या शब्दात जोर होता. त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं की सगळा मसुदा पडल्यासारखा दिसायचा.

पाचव्या दिवशी शून्य प्रहर चालला. मामांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. बाई उठल्या. बाकं अर्धी रिकामी होती. त्या मराठीत बोलल्या, गोठ्यात उभं राहून शेतकऱ्याला समजावतात तशा, सावकाश. 'दगावलं' म्हणताना त्यांचा आवाज जड झाला. तो देखावा नव्हता. हजारो जनावरं हाताखालून गेलेली ती बाई, बाळंतपणात जीव जाणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. समोरच्या बाकावरच्या एका मंत्र्यांनी मान वर करून पाहिलं. घंटा वाजली, माईक बंद झाला.

"जमलं की वो!" मामा म्हणाले. मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

ती चित्रफीत वाडीच्या नावासकट संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चप्पल काढते न काढते तोच फोन वाजला. सड्यावरचा वारा लगेच ओळखू आला.

"म्याडम, ह्ये काय केलासा? बाळ जितं हाय की! वाचलं न्हाय असंच वाटलं व्हतं समद्यास्नी, तवर जीपमधीच पाठीवर थापटलं तसं रडलं. मी सांगितलं व्हतं न्हवं तुमास्नी?"

"फोन तुटला होता," मी म्हणाले.

"मग पुना इचारायचं न्हाय व्हय?"

मी बाईंना फोन लावला. बाळ जिवंत आहे, एवढं सांगितलं. पाठीमागे कुणीतरी हिंदीत चहा हवा का विचारत होतं.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या.

"ऐकण्यात चूक झाली, बाई."

"आज त्या घरी जा. फोनवर नाही, समोर जाऊन माफी माग. आणि त्यांना काय हवंय ते विचार. पुढचं मी बघते."

या खेपेला मी गाडीतून उतरले नाही. गारगोटीहून एका दुधाच्या टेम्पोने वाडीच्या फाट्यापर्यंत सोडलं. पुढचं चालत. वाटेत तो टॉवर दिसला. नवाकोरा, कुंपणात, खाली गवत गुडघाभर वाढलेलं.

बाळाच्या आईच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी कोण ते सांगितल्याबरोबर त्यांचा आवाज चढला. "तुम्हीच व्हय त्या? अवो, काल वारणानगरास्नं हिचा भाऊ आला, चार माणसं घिऊन. दारातनंच रडत आला! जित्या लेकराच्या घरी पावणं सुतकाला येत्यात, ह्ये कुटं बघितलंय का कुणी? हिनं रातभर लेकरू खाली ठेवलं न्हाय."

मी वाकून हात जोडले. चूक माझी आहे, बाईंची नाही, असं म्हणाले. सासूबाई बोलतच राहिल्या आणि ते मला बरं वाटत होतं, कारण तोवर आत बसलेल्या त्या मुलीकडे बघावं लागत नव्हतं. वीस-बावीसची असेल. मांडीवर बाळ, त्याच्या कपाळावर काजळाचा मोठा ठिपका. सासूबाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, अगदी हळू.

"माफीचं ऱ्हाऊ द्या. जिथं मेलं म्हनून सांगितलासा, तिथंच जितं हाय म्हनून सांगा."

मग तिने बाळाला उचललं आणि माझ्यासमोर धरलं. मी घ्यावं म्हणून की बघावं म्हणून, ते मला कळलं नाही. मी बोट पुढे केलं. बाळाने ते धरलं नाही. त्याला शिंक आली.

आशाताईंनी मला फाट्यापर्यंत सोडलं. वाटभर त्या पुढे चालत होत्या. जीप येताना दिसली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "टावरचं इसरू नगासा म्हंजी झालं."

बाईंनी त्याच दिवशी अध्यक्षांना पत्र दिलं आणि दोन दिवसांनी त्यांना खुलासा करायची परवानगी मिळाली. आता बाकं भरलेली होती. खासदार स्वतःची चूक कबूल करणार म्हटल्यावर समोरची मंडळी आवर्जून आली होती. बाई उठताच 'खोटं, खोटं' असा ओरडा सुरू झाला. त्या थांबल्या. ओरडून ओरडून लोक दमल्यावर म्हणाल्या, "मी या सभागृहात सांगितलं की बाळ दगावलं. ते चुकीचं होतं. बाळ जिवंत आहे, आईच्या मांडीवर आहे. न तपासता बोलले, ही चूक माझी. त्या आईची मी माफी मागते. तो टॉवर मात्र अजूनही बंद आहे, आणि हे मी तपासून बोलते आहे."

माझा उल्लेख नाही. कार्यालयाचा नाही. मी टीव्हीसमोर उभी होते आणि मामांकडे बघवत नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. विरोधकांच्या विरोधकांना, म्हणजे आमच्याकडच्या सत्ताधाऱ्यांना, खेळणंच मिळालं. बाईंच्या फोटोखाली काय काय लिहून फिरवलं गेलं. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट झाली. बाईंना खोटं पाडायचं म्हणून की खरोखर लाज वाटून, कोण जाणे, टॉवर बघायला अधिकारी आले. मीटरच बसलेला नव्हता. कागदावर वीज होती, खांबावर नव्हती. दीड महिन्यात टॉवर सुरू झाला. वीज गेली की अजूनही बंद पडतो, पण आशाताईंना आता सड्यावर जावं लागत नाही.

अधिवेशन संपवून बाई परतल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांना अजून वाटत होतं की नुसती ऐकण्यातली चूक झाली. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. त्या संध्याकाळपासूनची शंका, चार दिवस, गारगोटीच्या गाडीतून उतरणं, शब्द बदलायला उघडलेली फाईल.

"म्हणजे मी बोलायला उभी राहिले, तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती."

"डॉक्टरला शंका आली की तो थांबतो," बाई म्हणाल्या. "तू मला थांबवायला हवं होतंस. सभागृह बंद पाडून आमच्याच लोकांनी तुला चार दिवस दिले होते."

मी राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला. "मसुदे आता दुसरं कुणी लिहील. तू बाहेर बस. येईल त्याचं ऐकून घे. लिहू नकोस, नुसतं ऐक."

वर्षभर मी बाहेरच्या बाकावर बसले. पेन्शन, रेशन, रेल्वेचं फाटक, पोस्टातलं अडकलेलं कार्ड. लोक बोलायचे आणि मी मध्ये न बोलता ऐकायची. पहिले काही आठवडे अपमान वाटला. मग कळलं, माणसं महत्त्वाचं शेवटी सांगतात, उठता उठता, दारापाशी. आता पुन्हा मसुदे माझ्याकडे आले आहेत.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी खरं लिहिलं असतं, की बाळ वाचलं, थोडक्यात वाचलं, तर त्या मंत्र्यांनी मान वर केली असती का? खुलासा झाला नसता, बाकं भरली नसती, अधिकारी आले नसते. टॉवर कदाचित आजही गवतात उभा असता. हे मी बाईंना एकदा बोलून दाखवलं. त्या कागदांवर सह्या करत होत्या. हात थांबला.

"हे पुन्हा कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. मग खुर्ची मागे सरकवून खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. उरलेल्या सह्या त्यांनी त्या दिवशी केल्या नाहीत.