बिनपुस्तकाच्या बाई

पहिलीच्या बाईंना शाळेत सगळे बिनपुस्तकाच्या बाई म्हणत, आणि बाईंना ते भारी आवडायचं. वर्षानुवर्षं तेच पुस्तक शिकवून धडे असे तोंडपाठ झाले होते की ते उघडायची गरजच पडत नसे. हातात खडू घेऊन बाकांमधून फेऱ्या मारत बाई म्हणायच्या आणि पोरं शब्दाखाली बोट ठेवून त्यांच्यामागून म्हणायची. नव्या शिक्षिकांना त्या ऐकवायच्या, "पुस्तकात डोकं घातलं की वर्ग डोक्यावर बसतो."

यंदा पुस्तकं नवी छापून आली. मुखपृष्ठ तेच, त्यावरचं चित्रही तेच. बाईंनी मुलांना ती वाटली आणि आपली प्रत कपाटात टाकली.

घराचा धडा आला तेव्हा त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "आई भांडी घासते. बाबा पेपर वाचतात." अख्खा वर्ग तसंच म्हणाला. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी मात्र बोट सरकवत, अडखळत म्हणाली, "बाबा भांडी घासतात. आई पेपर वाचते."

"लिहिलंय ते वाच. मनातलं नको."

"बाई, असंच लिहिलंय."

"तुझ्या घरी घासत असतील बाबा."

"घासतात," मुलगी म्हणाली.

वर्ग खो-खो हसला, बाईही हसल्या. मग उलट उत्तर दिलं म्हणून त्यांनी तिला दाराशी उभं केलं. पुढच्या आठवड्यात पोरगी वळणावर आली. बोट 'बाबा'वर ठेवून मुकाट्यानं 'आई' म्हणाली. बाईंनी तिची पाठ थोपटली.

एक दिवस शाळा सुटताना तिचे वडील पुस्तक घेऊन आले. बोलावं की नाही अशा विचारात दारातच घुटमळले.

"बाई, रागावू नका. ही आधी दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, काही सोडायची नाही. आता काहीही वाचायला दिलं की माझ्या तोंडाकडे बघते. हा धडा तर भलताच वाचते. म्हटलं, अगं, असं नाही लिहिलेलं. तर म्हणते, लिहिलेलं चुकीचं असतं, बाई सांगतात ते बरोबर."

बाईंनी पुस्तक घेतलं. ती ओळ वाचली. मग पहिलीतल्या पोरासारखं शब्दाखाली बोट ठेवून पुन्हा वाचली.

"छापणारे बदलतात हो, आम्हाला कळवतात कुठे," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना स्वतःची लाज वाटली. वडील "असेल" म्हणाले आणि मुलीला घेऊन गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. धडा चुकला याचं एवढं नव्हतं. अख्ख्या वर्गात खरोखर वाचणारी ती एकटी होती, आणि नेमकं तिलाच त्यांनी दाराशी उभं केलं होतं. बाकीचे नुसते त्यांच्यामागून ओरडत होते. गेल्या वर्षीचे? त्याआधीचे? त्या विचाराच्या वाटेला जायचं त्यांचं धाडस होईना.

सकाळी त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि वर्गासमोर उभ्या राहिल्या. "घराचा धडा मी पुस्तक न बघता शिकवला. माझं चुकलं. ही बरोबर वाचत होती आणि मी हिला शिक्षा केली."

बाईंनी मुलीला जवळ बोलावलं, पान उघडून तिच्यासमोर धरलं. "वाच, बाळा."

मुलीनं शब्दाखाली बोट ठेवलं. पण ती पुस्तकाकडे बघेना, बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं,

"बाई, लिहिलेलं वाचू, की बरोबर वाचू?"