कंबरेएवढी गाय

टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून उत्तरेला तासभर गेलं की आमची पाच एकर जमीन लागते. तिथे आम्ही मिनिएचर हेरफर्ड जातीची बुटकी गुरं पाळतो. तांबडी अंगं, पांढरी तोंडं, उंची माझ्या कंबरेएवढी. त्यांचं थोड्या गवतात भागतं, आणि एक गोऱ्हा कापला की एका कुटुंबाचा फ्रीझर भरतो. हो, मांसासाठीच पाळतो. हे मी कधी कुणापासून लपवलं नाही.

पण मराठी मंडळातल्या काकूंना तेवढंच ऐकू आलं नसावं. मागच्या दिवाळीत त्यांचा फोन आला. "अगं, वसुबारस तुझ्या फार्मवर करूया. गाय-वासरू दोन्ही आहेत. मुलांना आपलं कल्चर कळेल."

मला नको होतं. आम्ही बौद्ध. गाईच्या पूजेशी आमचं काही देणंघेणं नाही. नवरा म्हणाला, "येऊ दे यार, तेवढ्याच ओळखी होतील." मी एकच अट घातली, गाईला खायला काही द्यायचं नाही. "छे गं, अजिबात नाही," काकू म्हणाल्या.

वसुबारसेच्या दिवशी मी फाटकाशी गाड्या लावून घेत होते, तेवढ्यात डबे उघडले. बाजरीची भाकरी, उडदाचे वडे, गूळ, भिजवलेली डाळ. प्रत्येकीला वाटत होतं, गाईने आपल्या हातचा घास खाल्लाच पाहिजे. गाय गरीब स्वभावाची, त्यात पुन्हा गाभण. देतील ते खात गेली. मी धावत आले आणि ओरडले, "बंद करा! मरेल ती!"

बायका हसल्या. "अगं, नैवेद्याने कुणी मरतं का?" काकू म्हणाल्या.

मरतं. गवतावर जगणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढं धान्य गेलं की ते आंबतं. पोट फुगतं. गुरांचा डॉक्टर आला, त्याने नळी घातली, औषधं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय गेली, पोटातल्या वासरासकट. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. रडत होते आणि एकेकीच्या नावाने शिव्या देत होते. मी कापायला पाठवलेली जनावरं कमी नाहीत, पण त्यातलं एकही असं तडफडत गेलं नाही.

दुपारी काका-काकू झेंडूचा हार घेऊन आले. काका निवृत्त हार्ट सर्जन, मंडळातले सगळ्यात जुने. काकूंनी लांबूनच हार टाकला आणि डोळे पुसले. चुकलं असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. नवऱ्याने मागच्या बाजूला खड्डा खणून ठेवला होता. तो ट्रॅक्टरवरून म्हणाला, "पायांना साखळी बांध." मी साखळी उचलली. काका अगदी मायेने म्हणाले, "चालू द्या तुमचं. तुमच्याकडे हे काम माहीत असतं ना सगळं."

माझं डोकंच फिरलं. माझ्या आजोबांनी गावची मेलेली गुरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावाने त्यांना दुकानात मीठसुद्धा मिळू दिलं नव्हतं. गुरं पाणी प्यायची त्या हौदाला हात लावायची बंदी तर आधीपासूनच होती. आणि इथे टेक्ससमध्ये, माझ्याच जमिनीवर, माझीच गाय मारून हा माणूस मला तेच काम सांगत होता!

साखळी मी त्यांच्या पायाशी टाकली. "आमच्या घरात हे काम आजोबांनी बंद केलं, काका. गोमाता तुमची. तुम्हीच बांधा."

"अगं, त्यांचं वय तरी बघ," काकू म्हणाल्या. मी बघितलं नाही. नवऱ्याने ट्रॅक्टर बंद केला. शेवटी काकांनी बाह्या सरसावल्या. साखळी गाईच्या पायांवरून सारखी घसरत होती. कशी अडकवायची ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

खड्डा बुजला तेव्हा काका दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभे होते. "आंघोळ करावी लागेल," ते म्हणाले. "तुमचं बाथरूम वापरू का?"

हात धुवायला साबण मागितला असता, तर मी आणून दिला असता. मी गुरांच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं.