काजळीचं शेवटचं वेत

प्रफुल्ल रामटेके हा माणूस जन्मजात शंकेखोर. दूध तापवण्याआधी पातेल्याचा वास घेईल, गाडी लॉक केल्यावर दोनदा मागे येऊन हँडल ओढून बघेल, आणि कुणी ‘सहज आलो होतो’ म्हणालं की याच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. बायको रोशनी त्याला थट्टेनं इन्स्पेक्टर म्हणते. ती अमेरिकेत, सांता क्लाराला एका चिप कंपनीत आहे, आठवड्यातून तीन दिवस दीड तास ड्राइव्ह करून जाते. घर मात्र त्यांनी लांब हॉलिस्टरला घेतलं, कारण तिथे घरामागे अडीच एकर जमीन मिळाली आणि प्रफुल्लला कुत्री ठेवायची होती.

तर हा गृहस्थ एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी शेडमध्ये उकिडवा बसला होता. समोर त्याच्या काजळी कुत्रीची सात पिल्लं, पाच आठवड्यांची. एकेक उचलायचं, डोकं चाचपायचं, जबडा बघायचा, खाली ठेवायचं. चौथं पिल्लू हातात आलं आणि त्यानं ते उजेडात धरलं. कपाळ रुंद, नाकाड आखूड, गालाला गच्च मांस. आणखी दोन पिल्लं तशीच निघाली. उरलेली चार मात्र आईसारखी, लांब नाकाची आणि सडपातळ पायांची. दुसरा कुणी असता तर पिल्लं काय, असतात वेगवेगळी, असं म्हणून उठला असता. हा नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलेला. एकाच माजात कुत्री दोन कुत्र्यांपासून गाभण राहू शकते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. काजळीला त्यानं मुद्दाम कोआलिंगाला नेऊन एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या ‘प्लॉट’ नावाच्या जातीच्या कुत्र्याला लावून आणलं होतं. मग हा दुसरा बाप आला कुठून?

तुम्ही म्हणाल, तीन पिल्लांची डोकी रुंद निघाली तर एवढं काय आभाळ कोसळलं? कोसळलं होतं. का ते सांगायलाच हवं.

बारा वर्षांपूर्वी प्रफुल्ल रोशनीच्या व्हिसावर इथे आला. नोकरी करायला मनाई. गाई-म्हशींच्या बाळंतपणात कोपरापर्यंत हात घालणारा हा डॉक्टर तीन वर्षं घरात पोळ्या लाटत बसला. पुढे काम करायची परवानगी मिळाली, पण इथे डॉक्टर म्हणवून घ्यायचं तर परीक्षांची ही मोठी रांग. ते राहून गेलं, आणि ते त्याला अजूनही सलतं. हॉलिस्टरच्या एका दवाखान्यात तो असिस्टंट म्हणून लागला. तिथे हिवाळ्यातल्या सोमवारी हमखास फाटकी कुत्री यायची. या भागात रानडुकरांचा सुळसुळाट. रात्रीतून द्राक्षमळा नांगरल्यासारखा करून टाकतात. मळेवाले शिकाऱ्यांना बोलावतात आणि शिकारी कुत्री घेऊन येतात.

या कुत्र्यांत दोन प्रकार. एक डुकराला शोधून, घेरून, लांबून भुंकत अडवून धरणारी. दुसरी सरळ अंगावर जाऊन कान पकडणारी. प्रफुल्ल त्यांना भुंके आणि धरे म्हणतो. धऱ्यांना शेवटी सोडायचं असतं, गळ्याला जाड पट्टा आणि छातीला चिलखत बांधून. पण शिकाऱ्यांना भुंक्यातही थोडा जोर लागतो, म्हणून ते त्यात बुलडॉगचं रक्त मिसळतात. आणि असलं अर्धवट जोराचं, चिलखत नसलेलं कुत्रं डुकराच्या सुळ्यावर जाऊन आपलं पोट फाडून घेतं. टेबलावर अशी कुत्री धरून धरून प्रफुल्लचं डोकं फिरलं. कुठल्या रक्ताची कुत्री परत परत येतात आणि कुठली येत नाहीत, याची त्यानं वही घातली.

काजळी कधीच आली नाही. काळ्या तोंडाच्या ‘कर’ नावाच्या शिकारी जातीची ही कुत्री त्याला पिल्लू असताना मिळाली. सहा हिवाळे डुकरांमागे धावली, आणि अंगावर खूण किती, तर डाव्या कानाला एक चीर. नाक तेज, आवाज खणखणीत, आणि डुकरापासून चार हात लांब राहण्याची अक्कल उपजत. ही अक्कल पुढच्या पिढीत उतरवायची, एवढा एकच ध्यास त्यानं घेतला होता. काजळीची आधीची दोन वेतं हातची गेली होती, एक आजारानं आणि एक नर चुकीचा निवडल्यानं. आता ती आठ वर्षांची. हे शेवटचं वेत, आणि त्यातच कुणीतरी घाण करून ठेवली होती.

कुणी, हे शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. कुंपणापलीकडे मॅनी सिल्व्हेराचं रँच. मॅनी बासष्ट वर्षांचा, एकटा. आजोबा समुद्रापलीकडच्या बेटांवरून गाईंच्या धारा काढायला आले ते इथलेच झाले. प्रफुल्लला डुकराचा माग काढायला त्यानंच शिकवलं, स्वतःची टेकडी कुत्र्यांना धावायला दिली, आणि आपला एक धऱ्या कुत्रा होता त्याचं फार कौतुक करायचा. ड्यूक त्याचं नाव. पांढरा, रुंद डोक्याचा, दाराएवढ्या छातीचा. ड्यूकचा वंश चांगल्या कुत्रीपासून वाढवायचा, हे मॅनीचं जुनं स्वप्न. आणि प्रफुल्ल कामावर असला की कुत्र्यांना खायला घालायचं म्हणून शेडची एक किल्ली मॅनीकडेच असायची.

आता संशयाला आणखी काय हवं? प्रफुल्लला एकेक आठवायला लागलं. थोडं बुलडॉगचं रक्त असलेलं बरं, असं मॅनी वर्षभर घोकत होता. पिल्लं झाली त्या दिवशी तो न बोलावता आला होता. आणि तीन आठवड्यांच्या पिल्लांतून त्यानं हौसेनं जे उचलून घेतलं, ते नेमकं रुंद डोक्याचं! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. प्रफुल्ल मॅनीशी हसून बोलायचा आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघायचा. मॅनीनं कॉफी विचारली तर याला वाटायचं, आज का विचारतोय? मॅनी दोन दिवस दिसला नाही तर वाटायचं, तोंड चुकवतोय.

रोशनी म्हणाली, अरे यार, सरळ विचार ना त्याला. पण सरळ विचारेल तो प्रफुल्ल कसला. त्यानं शेडवर कॅमेरा लावला. मॅनीच्या अंगणातून ड्यूकचं चघळलेलं हाडूक खिशात घालून आणलं. पिल्लांच्या आणि काजळीच्या गालाची लाळ कापसाच्या बोळ्यावर घेतली, कोआलिंगाच्या कुत्र्याचीही मागवली आणि सगळं लॅबला पाठवून दिलं. अठरा दिवसांनी ईमेल आला. चार पिल्लं कोआलिंगाच्या कुत्र्याची, तीन ड्यूकची. प्रफुल्लच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर आपली शंका खरी ठरली याचा त्याला जरा आनंदही झाला.

तसाच तो कुंपण ओलांडून गेला. मॅनी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून पट्टे साफ करत होता. प्रफुल्लनं फोन त्याच्या नाकासमोर धरला आणि जे मनात साठलं होतं ते सगळं ओकून टाकलं. मी दवाखान्यात असताना तू शेड उघडलीस, मुद्दाम आपला कुत्रा सोडलास, माझी आठ वर्षं मातीत घातलीस. मॅनीनं सगळं ऐकून घेतलं. चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. त्यानं जुडग्यातून शेडची किल्ली सोडवली आणि फळीवर ठेवली.

“मी ते दार उघडलं नाही,” तो म्हणाला. “आता तुझी कुत्री माझ्या टेकडीवर आणू नकोस.”

चोर सापडला की असाच रागावतो, असं मनाशी म्हणत प्रफुल्ल किल्ली घेऊन घरी आला.

घरी त्याची आई होती. रत्नाबाई, वय एकाहत्तर, नागपूरला महानगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या. सहा महिन्यांसाठी डिसेंबरात आल्या होत्या आणि आता जायचे वेध लागल्यानं बॅगा भरत होत्या. त्या भांडणानंतर आठवडाभर मुलगा घुम्यासारखा वागतोय, पलीकडचा तो भला माणूस येईनासा झालाय, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. जेवताना त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा प्रफुल्लनं सांगितलं. जानेवारीत काजळीला शेडमध्ये कोंडलं असताना मॅनीनं दार उघडून आपला कुत्रा आत घातला, म्हणून.

रत्नाबाईंचा घास हातातच राहिला.

“त्यानं काहून उघडावं?” त्या म्हणाल्या. “दार मी उघडलं.”

प्रफुल्लला आधी वाटलं, आईच्या ऐकण्यात चूक झाली. तर रत्नाबाई शांतपणे सगळं सांगायला लागल्या. चांगल्या तीन दुपारी उघडलं होतं. किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला होती. काजळी मागच्या ओढ्याकडे जाऊन चहाच्या वेळेला परत यायची, मग पुन्हा आत घालायची. तोवर त्यांचा डोळा लागायचा. तिच्यामागे कोण आलं, कोण गेलं, त्यांनी पाहिलं नाही.

“पण का?” प्रफुल्ल ओरडलाच.

“तूच म्हणालास ना, ती बाजूला बसलीय म्हणून. चार-आठ दिवस शिवू नका म्हणालास. खाली रक्ताचे थेंब होते, मी पाह्यले.” आता रत्नाबाईंचा आवाज चढला. “लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला असंच गोठ्याशेजारी बसवलं होतं. एकदाच बसले. पुन्हा नाही बसले, घर डोक्यावर घेतलं पण नाही बसले. शाळेतल्या पोरी त्या दिवसांत व्हरांड्यात बसायच्या, त्यांना हाताला धरून वर्गात आणलं मी. आणि इथे अमेरिकेत माझा शिकलेला पोरगा मुक्या जनावराला पाळी आली म्हणून कोंडतो? मला लाज वाटली तुझी. म्हणून उघडलं, आणि तू चिडशील म्हणून बोलले नाही.”

ते शब्द प्रफुल्लचेच होते. भंडाऱ्याच्या बाजारात शंभर माणसांसमोर ‘गाय माजावर आली का हो?’ असं खणखणीत विचारणारा हा डॉक्टर, आईसमोर मात्र त्याची जीभ अडखळली होती. आईला कसं सांगायचं की कुत्री माजावर आहे, नराला जवळ येऊ द्यायचं नाही? म्हणून सभ्यपणानं म्हणाला, ती बाजूला बसलीय. जगातल्या प्रत्येकावर शंका घेतली, आपल्या तोंडच्या वाक्यावर तेवढी घ्यायची राहिली.

रत्नाबाईंना काय घडलं ते नीट कळलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. चप्पल घातली. त्या माणसाला मी सांगते, तू फक्त इंग्लिशमध्ये बोल, म्हणाल्या. प्रफुल्लनं जाता जाता शेडमधून एक पिल्लू उचललं, तेच, मॅनीनं हौसेनं उचललेलं. ही पिल्लं शिकारीत मेली तरी चालतील असं काही त्याच्या मनात नव्हतं. या तिघांना तो नसबंदी करून घरी पाळणाऱ्यांना देणार होता. पण हे एक मॅनीला द्यावं, त्याच्या ड्यूकचं आहे, तो विरघळेल, असं त्याला वाटलं.

मॅनीनं त्यांना व्हरांड्यात बसवलं. रत्नाबाई बोलल्या, प्रफुल्लनं एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगितलं, शाळेतल्या पोरींचंसुद्धा. मॅनीनं टोपी काढली आणि रत्नाबाईंकडे बघून मान हलवली. तुम्ही भलं करायला गेलात, तुमच्यावर माझा राग नाही, म्हणाला. प्रफुल्लकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

प्रफुल्ल सॉरी म्हणाला. दोनदा म्हणाला. मग त्यानं ड्यूक कुठे आहे असं विचारलं, आणि तेवढ्यात त्याला तो दिसला. व्हरांड्याच्या टोकाला सतरंजीवर पडलेला, गळ्यात प्लॅस्टिकची मोठी कॉलर. ही कॉलर कशासाठी घालतात हे प्रफुल्लला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं मागच्या पायांमधले ताजे टाके पाहिले. ड्यूकची नसबंदी झाली होती.

“परवा करून आणलं,” मॅनी म्हणाला. “माझ्या आजोबांपासून इथे कुणी आमच्यावर असं बोट दाखवलं नव्हतं. पुन्हा कुणाला दाखवता येऊ नये, म्हणून केलं.”

ड्यूकचा वंश आता जगात एवढाच, काजळीच्या शेडमधली ती तीन पिल्लं. प्रफुल्लनं हातातलं पिल्लू घाईघाईनं पुढे केलं. ही घे, म्हणाला, मादी आहे, ड्यूकची आहे, तुझीच आहे, हिला हवं तसं वाढव. मॅनीचा हात पुढे आला. रुंद कपाळावरून एकदा अंगठा फिरला. मग त्यानं हात मागे घेतला.

“नको. हिला कधी पिल्लं झाली, तर तू पुन्हा त्यांची डोकी चाचपत बसशील, बाप कोण म्हणून.”

मॅनी म्हणाला ते खरं होतं, हे प्रफुल्लला ठाऊक होतं. तो पिल्लू घेऊन उठला. पायऱ्या उतरताना रत्नाबाईंनी विचारलं, काय म्हणाला रे तो? आणि त्या वाक्याचं मराठी काही त्याच्यानं करवेना.